दोन विड्या कमी

ताप उतरला त्या संध्याकाळी
खाट अकराभोवती जत्रा भरली.
हरिणी गड्डम, वय आठ, डेंग्यू, सहावा दिवस.
मामानं पपईच्या पाल्याचा रस आणला, हिरवागार, उग्र.
कुणी एकच किवी आणलं, कागदात गुंडाळून.
बकरीच्या दुधासाठी आजा कुंभारीपर्यंत चालत गेला होता.
आणि जो तो दारातूनच विचारायचा,
मार्केट यार्डात कांद्याचा भाव विचारावा तसा:
प्लेटलेट किती?

पस्तीस हजार.
मग साठ.
मग सगळ्यांनी कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी वाढली,
मलाही दिली.

हृदयाचं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

राजमणी, पोरीची आई, जेवली नाही.
ती पोरीचं मनगट धरून बसलेली.
रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईची बोटं,
तंबाखूनं पिवळी,
पंचवीस झाल्या की आपोआप थांबणारी.
म्हणाली, सिस्टर,
मिनिटाला दोन बंडलं भरंनात.
दोन विड्या कमी पडायल्यात.

मी हसले.
मग घड्याळ काढलं, मनगट धरलं.
अठ्ठेचाळीस.
तळवा गार,
विड्याची पानं भिजवून ठेवावीत तसा.

डॉक्टर कवठेकर आले, एका पायात दुसऱ्याची चप्पल.
ईसीजीची पट्टी त्यांनी हातभर वाचली,
परत पहिल्यापासून वाचली.
ताप गेल्यावर नाडी मंद होते पुष्कळांची, म्हणाले,
पण ही मधेच एक पायरी गाळते.
इकोच्या पडद्यावर
करडं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं,
आणि मिटणं पुरतं होत नव्हतं.

बाप टॉवेलच्या कारखान्यातून थेट आलेला, केसांत सूत.
त्याला कसं सांगायचं?
डॉक्टर म्हणाले, बघा,
आठ वर्षांच्या पोरीनं भिजलेला मोठा टॉवेल पिळायला घ्यावा.
पीळ बसतो.
पाणी आतच राहतं.
तो कितीतरी वेळ स्वतःच्या मुठींकडे बघत राहिला.

ज्या सलाईननं परवा तिला तारलं
तेच आता बेतानं.
जास्त झालं तर फुप्फुसात चढेल.
मी चाक फिरवलं, थेंब मोजू लागले.
ती ठोके मोजत होती.
मधे पोर, दोन हिशोबांच्या मधे,
तोंड किंचित उघडं, पुढचा एक दात अजून यायचा.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं.
घरकुलात दारोदार निळं बॅरल, वर पत्रा, पत्र्यावर दगड.
शिकत असताना सर्वेला गेले होते,
टॉर्च मारली की आतले स्वल्पविराम
वळवळत खाली जायचे.
तो डास रात्रीचा नाही, दिवसाचा.
उंबऱ्यात उजेडाला बसून आई विड्या वळते,
शेजारी पोर पाढे लिहिते,
तेव्हा तो येतो.
मी अहवालात लिहिलं होतं: जनजागृती आवश्यक.
तेव्हा बावीस वर्षांची होते. अक्षर छान होतं.

पहाटे पावणेचारला राजमणीचा फोन थरथरला.
शेजारीण. नळाला पाणी आलंय,
तुझं बॅरल भरू का?
अर्धं आहे अजून.
राजमणीनं फोन खांद्यात धरला,
मनगट सोडलं नाही.
ओतून दे ते, म्हणाली.
तळ घास.
शेजारीण काहीतरी बोलत राहिली. एवढं पाणी, पाच दिवस.
ओत म्हटलं ना.

मग पुन्हा तेलुगूत, ओठांतल्या ओठांत:
ओकटी, रेंडु, मूडु.
मला ते आकडे पंचवीसपर्यंतच येतात, तिच्यामुळंच.
पंचवीस झाले की ती डाव्या हाताचं एक बोट मिटते
आणि परत ओकटी.

मिनिटकाटा फिरला.
दोन बोटं मिटली होती.
तिसरं मिटलं नव्हतं, पण ती मोजतच होती,
सहा, सात,
आणि मी थेंबांचा हिशोब चुकले.